७५ ला बनवा, १५ ला विका!

एखादी वस्तू बनवायला ७५ डॉलर खर्च करायचे आणि दुकानदाराला ती १५ डॉलरला द्यायची, याला काय म्हणाल? आमच्या विंगमध्ये विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर आलं, वेडेपणा! पण १९८१ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने अगदी हेच केलं. एकदा नाही, तब्बल ११०० वेळा! आणि १९८४ साली उत्तर अमेरिकेत त्याच खेळाचे सुमारे २ कोटी संच विकले गेले. खेळाचं नाव ट्रिव्हियल पर्सूट. वर्ष संपल्यावर आपल्या धंद्याकडे कसं बघायचं आणि पुढच्या वर्षाचं टार्गेट कसं ठरवायचं, हे समजायला हे उदाहरण फार छान आहे.

गोष्ट काय आहे?

क्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट हे दोघे मॉन्ट्रियलचे पत्रकार. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांनी आपला स्वतःचा पार्टी गेम काढायचं ठरवलं. चाकाच्या आकाराचा बोर्ड, सहा विषय, सहा रंगांच्या पाचरी आणि प्रश्नांचा ढीग. हेनीचा भाऊ जॉन आणि वकील असलेला एड वर्नर हे दोघेही सामील झाले आणि हॉर्न ॲबट नावाची कंपनी स्थापन झाली. भांडवल कुठून आणायचं? ओळखीपाळखीच्या ३२ जणांकडून मिळून ४० हजार डॉलर जमवले. चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मायकेल वुर्स्टलिन या १८ वर्षांच्या बेकार मुलाने पाच शेअर्सच्या बदल्यात डिझाइन करून दिलं. म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाचा मुलगा! आणि हेनीने स्वतःच्या आईला मात्र पैसे गुंतवू नकोस असं सांगितलं होतं म्हणे. तिचे पैसे बुडतील याची त्याला भीती वाटत होती. यावरून जोखीम किती होती ते कळतं.

७५ कुठून आले?

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षाचा हिशेब नुसता वरवर वाचला तर प्रत्येक डब्यामागे ६० डॉलरचा खड्डा दिसतो. पण खर्च दोन प्रकारचे असतात, हे आपण इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला पाठ करतो आणि सबमिशन झाल्यावर विसरतो. एक फिक्स्ड, म्हणजे नगांची संख्या बदलली तरी तेवढाच राहणारा. दुसरा व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक नगामागे होणारा.

मूळ खेळात १००० कार्डं आणि त्यावर ६००० प्रश्न होते. प्रत्येक कार्ड वेगळं. त्यामुळे तुम्ही १०० डबे काढा नाहीतर एक लाख, १००० कार्डांचं टाइपसेटिंग, छपाईच्या प्लेट्स आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा साचा हे सगळं आधी करावंच लागतं. तो सगळा बोजा फक्त ११०० डब्यांच्या डोक्यावर पडला तर किंमत आभाळाला भिडणारच, नाही का?

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, हॉस्टेलच्या चार जणांनी गॅदरिंगला विकायला पत्त्यांचा खेळ काढला. डिझाइन, प्लेट्स आणि डब्याची डाय मिळून ३०,००० रुपये. कागद, छपाई, पॅकिंग मिळून दर संचाला ८० रुपये. विक्रीची किंमत १५० रुपये. १०० संच काढले तर एक संच ३८० ला पडतो. १००० काढले तर ११० ला आणि ५००० काढले तर ८६ ला! खेळ तोच, पत्ते तेच. प्रत्येक संचावर ७० रुपये सुटतात, म्हणजे ३०,००० भरून निघायला ४२९ संच विकायला हवेत. हा झाला आपला ब्रेक-इव्हन पॉइंट.

पण एक धोका आहे. समजा कागद-छपाईच १६० रुपयांना पडत असेल आणि तुम्ही १५० ला विकत असाल, तर जितके जास्त विकाल तितके जास्त बुडाल. म्हणून वर्षअखेरीला ‘तोटा किती?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘संख्या वाढली तर हा तोटा कमी होईल की वाढेल?’ हेही विचारायचं. पहिल्या प्रकारच्या तोट्यावर औषध आहे, दुसऱ्यावर किंमत किंवा वस्तूच बदलावी लागते.

टार्गेट कशावरून?

संख्या वाढवायची, पण माल खपणार का? इथे हॉर्न ॲबटकडे दोन उलटसुलट पुरावे होते. १९८२ च्या सुरुवातीला मॉन्ट्रियल आणि न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रांमधून जेमतेम काहीशे डब्यांच्या ऑर्डर्स मिळाल्या. दुसरीकडे, पहिले ११०० संच मात्र दुकानांतून खपले होते. जत्रेतल्या व्यापाऱ्यांनी डबा नुसता पाहिला होता. ज्यांनी घरी नेला, ते खेळले होते. पार्टी गेम कपाटात ठेवून कळत नाही, चार टाळकी जमून आरडाओरडा झाला की कळतो! त्यांनी खेळणाऱ्यांवर विश्वास ठेवला आणि कर्ज काढून आणखी २० हजार संच बनवायला दिले.

पुढे स्क्रॅबल बनवणाऱ्या सेल्चो अँड रायटर या अमेरिकन कंपनीने अमेरिकेसाठी हक्क घेतले. त्यांच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या लिंडा पेझॅनो यांनी १९८३ च्या जत्रेआधी व्यापाऱ्यांना प्रश्नांची कार्डं पाठवली आणि ज्या नटनट्यांची नावं प्रश्नांत होती त्यांना चक्क खेळच पाठवला. लोकांनी आधी खेळावं, मग विकत घ्यावं! आदल्या वर्षी जिथे अडलं होतं, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मात्र १९८४ सारखं वर्ष रोज येत नाही. एका घराला असा एकच डबा पुरतो. सर्वात चांगल्या वर्षाला दोनने गुणून टार्गेट ठरवणं म्हणजे एका सेमिस्टरला डिस्टिंक्शन मिळाली म्हणून पुढे अभ्यास सोडण्यासारखं आहे. सेल्चो अँड रायटर ही जुनी कंपनी १९८६ मध्ये कोलेको कंपनीला विकली गेली आणि कोलेकोने १९८८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. खेळ मात्र टिकला. २००८ मध्ये हॅस्ब्रोने त्याचे हक्क ८ कोटी अमेरिकन डॉलरला विकत घेतले.

तर मंडळी, फेस्टिव्हलला टी-शर्ट विकणार असाल, स्टॉल लावणार असाल किंवा पुढे स्वतःची कंपनी काढायचं मनात असेल, तर वर्ष संपल्यावर चार ओळी लिहा. एकदाच झालेला खर्च किती? नगामागचा खर्च किती? वापरलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागितलं? आणि पैसे कोणाचे होते? शेवटचा प्रश्न विसरू नका. रूममेटने मेसच्या पैशांतून वाचवून दिलेल्या ५०० रुपयांचा हिशेब त्याला दाखवता येईल, तेवढंच मोठं टार्गेट ठेवा.