हातांतील बिनतारी यंत्र व त्याची अँटेना

दिनांक ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आलें तेव्हां ठिकठिकाणीं विजेबरोबर मोबाइलही मुके झाले, हें पेण व रोहें येथील शेतकरी बंधूंस सांगणें नको. खारेपाटांत उधाणाच्या रात्रीं बाहेरकाठ्यास खांड पडली आणि उघाडीवरील माणसाची हांक गांवांत पोंचली नाहीं, तर खारें पाणी शिरून भातजमीन नासते. ज्यांस अशा वेळेसाठीं वॉकी-टॉकी घ्यावयाची आहे त्यांच्यासाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम कायद्याची गोष्ट. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील मान्य अल्पशक्ति यंत्रांस २०१८ च्या नियमांनीं परवाना लागत नाहीं. त्यांची अँटेना बहुधा अंगचीच असते. ती बदलूं नये. इतर पट्ट्यांतील यंत्रांस सामान्यतः केंद्र सरकारचा परवाना हवा, आणि अँटेना निवडण्याचा प्रश्न मुख्यतः त्यांचाच.

लांब अँटेना म्हणजे लांबचें बोलणें, असें समजून आम्हीही आमच्या हौशी परवान्याच्या यंत्रास हातभर अँटेना लावली. आवाज उलट क्षीण झाला. ती दुसऱ्या वारंवारितेची होती. हिशेब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झनें भागावें, म्हणजे तरंगलांबी मीटरांत येते. तिचा चौथा हिस्सा घेऊन शेंकडा पांच वजा करावे. १४५ मेगाहर्ट्झला सुमारें ४९ सेंटिमीटर येतात, ४४६ ला सुमारें १६. रबरी आंखूड अँटेनेंत तार गुंडाळलेली असते. ती सोयीची खरी, परंतु कांहीं शक्ति गमावते.

यंत्राच्या माथ्यावरील पेंच कोठें बाहेर आलेला, कोठें आंत असतो. म्हणून दुकानीं यंत्र बरोबर न्यावें. यंत्र बंद करून अँटेना बुडाशीं धरून हातानेंच घट्ट करावी, पकड लावूं नये. अँटेनेवांचून बोलण्याची कळ कधींही दाबूं नये. शक्ति परत फिरून यंत्र बिघडतें. खाऱ्या हवेनें सांधा गंजतो, तो कोरड्या फडक्यानें पुसावा. बोलतांना अँटेना उभी धरावी व तिला हात लावूं नये.

लांबीपेक्षां उंची थोर. सपाट जागीं दीड मीटरावरून क्षितिज सुमारें ४.४ किलोमीटरांवर, तर सहा मीटरांवरून सुमारें ८.७ किलोमीटरांवर असतें. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यांत मात्र डोंगर आड आला कीं कोणतीही अँटेना चालत नाहीं. तेथें माथ्यावर तिसरा माणूस ठेवून निरोप पुढें द्यावा.

मृगापूर्वीं एक दिवस बांधभर फिरून चांचणी घ्यावी. जेथून आवाज येत नाहीं ती जागा गांवनकाशावर खुणेनें दाखवावी, आणि रात्रीं पहारेकरी तेथें उभा करूं नये.