खरवडलंस कशाने?

तारनाक्याला मी आत्याकडे राहते. माझी बस रोज आयआयसीटीवरून जाते, पण हा किस्सा तिथला नाही. आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आहे, आणि चूक पूर्णपणे माझी आहे.

प्रोजेक्टसाठी मी ग्राफीन ऑक्साइड आणि युरिया एकत्र तापवून काळी पूड तयार केली. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा पदर. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला होता. युरियातला नायट्रोजन या पदरात शिरतो. पुडीजवळ चुंबक नेला, तर काही कण टुणकन उडून त्याला चिकटले! मी नाचतच सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "खरवडलंस कशाने?"

ग्रॅफाइट मुळात चुंबकापासून किंचित दूरच सरकतं. कार्बनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन चार. तीन शेजारच्या अणूंशी बंध जुळवण्यात गुंततात, चौथा जाळीभर पसरलेल्या ढगात जातो. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबकच, पण इथे ज्याला त्याला उलट दिशेचा जोडीदार मिळतो आणि बेरीज शून्य होते. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन पाच. कार्बनची जागा घेऊन तो जाळीत बसला, की एक जास्तीचा इलेक्ट्रॉन त्या ढगात येतो. असे जास्तीचे पुरेसे जमले, तर त्यांची तोंडं एका दिशेला वळू शकतात. "म्हणजे विरजणासारखं?" आत्याने विचारलं. तसं नाही गं, विरजण चमचाभरही पुरतं. इथे प्रमाण हवं आणि जागाही नेमकी हवी. जाळीच्या कडेला किंवा भोकाशी बसलेल्या नायट्रोजनचा तेवढा उपयोग होत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी 2016 मध्ये गंधक आणि 2017 मध्ये नायट्रोजन घालून ग्राफीन लोहासारखं चुंबकी होतं, असं दाखवलं. नायट्रोजन साधारण 5 टक्के लागला. पण हे घडतं सुमारे 70 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 200 अंश सेल्सिअसपेक्षाही थंडीत. आणि माझी पूड उडाली हैदराबादच्या मे महिन्यात! मला तिथेच शंका यायला हवी होती.

खरवडायला मी गंजका स्पॅच्युला वापरला होता. लोखंडाचा कणभर अंशसुद्धा कार्बनच्या क्षीण चुंबकत्वाला सहज झाकून टाकतो. मोठमोठे यात फसलेत. 2001 मध्ये 'नेचर'मध्ये चुंबकी फुलरीनचा, म्हणजे चेंडूसारख्या कार्बन-रेणूंपासून बनवलेल्या पदार्थाचा, शोधनिबंध आला. नमुन्यांत लोखंड निघालं आणि 2006 मध्ये बहुतेक लेखकांनी तो मागे घेतला.

सरांनी पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुवायला लावली. सुकवून पुन्हा चुंबक धरला, तर एक कण हलेल तर शपथ. थोडं रडू आलं, खोटं कशाला बोलू? रिपोर्टमध्ये दोन्ही निरीक्षणं लिहिली आहेत, आधीचं आणि नंतरचं. आता स्पॅच्युला प्लास्टिकचा वापरते.