वीणेच्या तारा आणि अठरा तासांचा अभ्यास

१४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत व वसतिगृहांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला हे उचित अभिवादनच होय. परंतु एका दिवसाचे हे व्रत काही विद्यार्थी वर्षभर चालवू पाहतात, आणि तेथे थांबून विचार करावा लागतो.

लातूर व नांदेड ही शहरे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची मोठी केंद्रे झाली आहेत. तेथे खोली करून राहणारी आपली मुले पुष्कळदा घरातील पहिलीच शिकणारी असतात. त्यांच्या शिकवणीच्या पैशामागे ऊसतोडीची उचल असते, विकलेले जनावर असते. गुण घसरले की असा मुलगा गावी फोन करणेही टाळतो. आपण आईबापांचा घात केला, असे त्यास वाटू लागते.

त्याच्यापुढे 'अध्यात्म' ठेवून भागणार नाही. त्या शब्दात आत्मा गृहीत आहे आणि तथागतांनी तर तो नाकारला. धम्मातील शब्द आहे 'भावना'. मराठीत आपण तो निराळ्या अर्थाने वापरतो. पालीत त्याचा अर्थ जोपासना, मनाची मशागत.

महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपेच्या श्रीमंत घरातील हा सुकुमार तरुण भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात त्याने तळपाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण केले. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतून दानधर्म करावा असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्यास त्याच्याच वीणेविषयी विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागत असे काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोणाचे उत्तर नकारार्थी होते. तेव्हा त्यास वीर्यसमतेचा, म्हणजे प्रयत्नांतील समतोलाचा उपदेश मिळाला. येथे एक गोष्ट विसरू नये. प्रयत्न सोड, असे भगवंत म्हणाले नाहीत. सोण पुढे अर्हत झाला तो प्रयत्नानेच.

या समतोलास आपल्याकडे काळही अनुकूल आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि महाविद्यालयाचे पहिले सत्रही बहुतांशी त्याच काळात येते. विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. विद्यार्थ्याने आठवड्यातून एक सायंकाळ तेथे द्यावी. रोज झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आनापान करावे. श्वास जसा आहे तसा पाहावा, त्यास वळण देऊ नये. आणि एक तरी कल्याणमित्र जोडावा. कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणाले तेव्हा भगवंतांनी ती संपूर्ण धम्मजीवनच असल्याचे सांगितले होते. मात्र झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर केवळ ध्यानावर विसंबू नये. त्या मित्राने त्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि घरच्यांना बोलवावे.

उदगीरला ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते विश्वशांती बुद्ध विहाराचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि लातुरात खोलीवर राहणाऱ्या मुलाला वस्तीतील लहान विहारच जवळचे. सकाळच्या वंदनेनंतर त्यास कुलूप लागते. विहार समित्यांनी ते सायंकाळी सात ते दहा उघडे ठेवावे, दोन सतरंज्या अंथराव्यात आणि एखाद्या निवृत्त शिक्षकास तेथे बसण्याची विनंती करावी.