एल्विश: भाषा नव्हे, भाषाकुल

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले एल्फ एल्विश बोलतात, असं सर्रास सांगितलं जातं. भारतीय लोक ‘इंडियन’ बोलतात म्हणण्यातलाच हा प्रकार! जे. आर. आर. टोल्किन यांनी एल्फांसाठी अख्खं भाषाकुल रचलं. एका आदिभाषेतून क्वेन्या, टेलेरिन, सिंदारिन, नान्डोरिन अशा शाखा फुटल्या. सिनेमात कानावर पडते ती बहुतांशी सिंदारिन.

पुढचा गैरसमज चांगल्या वाचकांतही आढळतो. क्वेन्या विद्येची आणि विधींची भाषा, म्हणून सिंदारिन तिची लेक असणार, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या बहिणी आहेत. झाडाला क्वेन्यात ‘आल्दा’ म्हणतात, सिंदारिनमध्ये ‘गालाध’. मूळ रूप ‘गालादा’. सुरुवातीचा ‘ग’ क्वेन्यानं गमावला, सिंदारिननं राखला. आईपाशीच जे उरलं नाही, ते लेकीकडे कुठून येणार? ‘वडील’ या शब्दात मात्र उलटं घडतं: क्वेन्यात ‘आतार’, सिंदारिनमध्ये ‘आदार’. इथे जुना ‘त’ क्वेन्याकडे टिकला. दोन स्वरांमधला ‘त’ असा मऊ होणं आपल्याला नवं नाही. शौरसेनी प्राकृतात ‘गत’चं ‘गद’ होतं. टोल्किन ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. असे ध्वनिनियम त्यांच्या रोजच्या कामातले.

कादंबरी सजवायला भाषा रचल्या, हेही खरं नाही. फिनिश भाषेच्या मोहातून क्वेन्या 1915च्या सुमारास आकाराला येऊ लागली. सिंदारिनवर वेल्शची छाप आहे. ‘हॉबिट’ 1937चं, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954–55चं. भाषांना जग हवं होतं म्हणून कथा आल्या, असं टोल्किन स्वतःच सांगत.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अंगठीवर कोरलेल्या ओळींबाबत लिपी आणि भाषा यांची गल्लत होते. लिपी एल्फांची, टेंग्वार. भाषा मात्र मॉर्डोर या शत्रुप्रदेशाची, ‘ब्लॅक स्पीच’.

राहिला प्रश्न एल्विश अस्खलित बोलण्याचा. 1973मध्ये निधन होईपर्यंत टोल्किन शब्द आणि नियम बदलत राहिले. आजची सिंदारिन आधी ‘नोल्डोरिन’ नावानं एल्फांच्या दुसऱ्याच गटाची भाषा होती. तिचा इतिहास त्यांनी नंतर फिरवला. त्यामुळे व्याकरणात फटी आहेत आणि रोजच्या वापराचे कितीतरी शब्दच नाहीत. 2001 ते 2003मधल्या चित्रपटांसाठी भाषातज्ज्ञ डेव्हिड सालो यांनी संवाद रचले, तेव्हा त्यांनाही अशा जागा टोल्किनच्याच नियमांवरून अंदाज बांधून भराव्या लागल्या.