मृत्यूची नोंद कोणत्या गावी?

उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचे तिखले आणि चढउताराची पाणंद ज्याच्या रोजच्या वाट्याला आहे, त्या मालवणकराला हृदयविकाराचे भय कशाला, तो तर मुंबईतल्या चाकरमान्यांचा रोग, असे एका वाचकाने लिहिले आहे.

रोग कोठे अधिक हे ठरविण्यापूर्वी माणसे मोजावी लागतात, आणि ज्यांनी ती नेटाने मोजली त्यांत माझे आवडते, पण आता विस्मृतीत गेलेले नाव पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांचे. रेल्वेच्या दप्तराच्या आधाराने 1958 ते 1962 या काळातील अकरा लाखांहून अधिक नोकरांचा हिशेब मांडून त्यांनी 1967 साली दाखविले, की तूप-लोणी मनमुराद खाणाऱ्या उत्तरेपेक्षा दक्षिणेत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे सातपट आहेत. उत्तरेतल्या कमी मृत्यूंचे श्रेय त्यांनी दूधदुभत्यातील स्निग्धांशाला दिले. ते मला फारसे पटत नाही; पण हजेरीपटावर पगार मोजणाऱ्या खात्याकडे मृतांइतकीच जिवंतांचीही पक्की गणती असते, हे त्यांनी हेरले, याचे कौतुक करावे तेवढे थोडे!

खेड्याला असे दप्तर कोठले? गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या कोतवाल बुकात मरणाचे कारण बहुधा ‘ताप’ असे. म्हणूनच ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीच्या गणकांनी घरोघर जाऊन आप्तांकडून अखेरच्या दुखण्याची हकीकत लिहून घेतली आणि डॉक्टरांनी ती वाचून कारण ठरविले, तेव्हा 2000 ते 2015 या काळात तीस ते एकोणसत्तर वयाच्या ग्रामीण पुरुषांनी हृदयविकाराच्या मृत्यूंत शहरी पुरुषांना मागे टाकल्याचे उघड झाले. ‘प्योर’ या 17 देशांच्या पाहणीत (2014) तर रक्तदाबादी धोके शहरात अधिक असूनही, हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या आघातानंतर शहरात शंभरांतले साडेतेरा दगावले आणि खेड्यात सव्वासतरा.

आता मालवणातली एक रात्र घ्या. छातीत कळ येते, ‘गॅस झालो आसतलो’ म्हणून गृहस्थ ओवा चघळीत बसतो. दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असता तास-दोन तास तसेच जातात, आणि मग मिळेल त्या वाहनाने शंभरेक किलोमीटरवरच्या, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरली जाते. तेथे तो दगावला, तर 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यू घडला त्या ठिकाणच्या, म्हणजे गोव्यातल्या निबंधकाकडे नोंद होते, आणि मालवणच्या वहीत त्याच्या नावाची ओळच पडत नाही.