बसलेल्या आवाजाचे मापन

दिल्लीतील पहाडगंज ही वस्ती नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. वाहनांचे भोंगे आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या यांनी तेथील मुख्य बाजार गजबजलेला असतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. अशा ठिकाणी दिवसभर ओरडणाऱ्या फेरीवाल्याचा किंवा वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचा आवाज बसतो, तेव्हा नेमके काय बिघडते?

फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रातून बाहेर पडताना तेथील स्वरतंतू कंप पावतात. ही कंपने प्रौढ पुरुषात दर सेकंदास सुमारे १२०, तर स्त्रीत सुमारे २०० असतात. त्यांवरून आवाजाची पट्टी ठरते. आवाजाचा पोत मात्र निराळा. एकाच पट्टीत वाजणारी बासरी आणि सारंगी आपण सहज वेगळ्या ओळखतो, तो फरक पोताचा होय. सततच्या ताणाने स्वरतंतूंवर सूज किंवा गाठी आल्या, की ते पूर्ण मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, कंपने अनियमित होतात आणि आवाज घोगरा होतो.

हा बिघाड मोजण्यासाठी रोग्यास ‘आ’ असा दीर्घ स्वर लावावयास सांगून त्याचे ध्वनिमुद्रण करतात. त्यावरून मुख्यतः तीन गोष्टी मोजल्या जातात. लागोपाठच्या कंपनांच्या कालावधीत किती फरक पडतो, ही पहिली. त्यांच्या जोरात किती चढउतार होतो, ही दुसरी. शुद्ध स्वराच्या मानाने त्यात मिसळलेली खरखर किती, ही तिसरी. परंतु ही गणिते करण्यासाठी एक कंपन दुसऱ्यापासून वेगळे ओळखता आले पाहिजे. अतिशय बिघडलेल्या आवाजात तेच साधत नाही. म्हणजे दोष जेथे सर्वांत मोठा, तेथेच हे आकडे सर्वांत कमी भरवशाचे ठरतात.

म्हणून तज्ज्ञाच्या कानाची गरज उरते. जपानी वैद्य मिनोरू हिरानो यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतीत एकंदर बिघाड, खरखरीतपणा, हवा निसटणे, क्षीणता आणि ताण यांना शून्य ते तीन असे गुण देतात. तथापि, एकाच आवाजाला दोन अनुभवी श्रोते पुष्कळदा भिन्न गुण देतात. यास्तव कान आणि यंत्र यांनी परस्परांची उणीव भरून काढावी, हेच इष्ट.

तरीही या दोहोंतून बिघाडाचे मूळ कारण निश्चित होत नाही. त्यासाठी स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे लागते. घोगरेपणा चार आठवड्यांत ओसरला नाही, तर ‘आवाज बसला आहे, सुटेल’ असे म्हणून स्वस्थ न बसता घशाच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. त्यामागे साधी गाठ असेल, तशीच कर्करोगाची सुरुवातही असू शकते, आणि तो लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळच वाढते.