मौद्याजवळ ग्रँड कॅन्यन का नाही?

ग्रँड कॅन्यनच्या फोटोंत दिसतो तसा तांबूस खडक मौद्यापासून जवळच, कामठी परिसरात आहे. भूगर्भशास्त्रात या वालुकाश्माचं नावच ‘कामठी’. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या वाळूचा हा दगड. रंग त्यातल्या गंजलेल्या लोहाचा. मौद्याला कन्हान नदीही आहे. मग दरी का नाही?

कारण खोल कापायला नदीला उंची लागते. अमेरिकेत कोलोरॅडोचं पठार वर उचललं गेलं, नदीला उतार मिळाला आणि गेल्या ५०-६० लाख वर्षांत तिने दीड किलोमीटरहून खोल घळ कोरली. पाऊस कमी, म्हणून कडे उभेच राहिले. कन्हान इथे सपाट मैदानातून वाहते. जमीन कापण्यापेक्षा ती वाळूच जास्त टाकते, आणि ती वाळू कुठे जाते ते आपल्याला ठाऊक आहेच!

तरीही अभ्याससहलीला कामठी कमी नाही. इथल्या वालुकाश्मात ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडलेत. असेच ठसे ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही आहेत. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा हा मोठा पुरावा. त्या महाखंडाचं ‘गोंडवाना’ हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून आलंय. पुढे रामटेकला गेलात, तर गडाखालचा खडक याहून कितीतरी जुना आहे.